भिंतीवर टांगलेली घरे: प्रदर्शनांनी आधुनिक वास्तुकला लोकांना कशी दाखवली

सोलापुरात वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी प्रश्न विचारला आहे: "१९३२ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या एका प्रदर्शनाने आधुनिक वास्तुकला जगाला समजावून दिली, असे आम्हाला शिकवले जाते. एखादे प्रदर्शन खरोखर एवढे काही करू शकते का? आणि ज्या शहरात असे प्रदर्शन कधी आलेच नाही, त्या आपल्या शहरातल्या माणसांच्या समजुतीशी त्याचा संबंध काय?"

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. चौतीस वर्षे सोलापुरात वास्तुविशारद म्हणून काम करतो आहे आणि घर बांधायला निघालेला माणूस 'मॉडर्न' हा शब्द कोणत्या अर्थाने उच्चारतो, हे जवळजवळ रोज समोर बसून ऐकतो आहे. त्या अनुभवावरून सांगायचे, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे, मात्र त्या 'हो'ला एक मोठी अट आहे. आधुनिक इमारत कशी दिसते हे प्रदर्शनांनी लोकांना फार प्रभावीपणे शिकवले. तिच्यात राहणे म्हणजे काय, हे फारच थोड्या प्रदर्शनांनी शिकवले. ज्यांनी ते शिकवले, ती बहुधा संग्रहालयाच्या भिंतींच्या बाहेर भरलेली होती.

यामागची अडचण साधी आहे. सोलापुरी चादर प्रदर्शनात मांडली, तर समोर असते ती चादरच असते. येणारा माणूस ती चिमटीत धरून पाहतो, उलटी करून वीण पाहतो आणि मग भाव विचारतो. घर असे मांडता येत नाही. संग्रहालयात घराऐवजी त्याचे छायाचित्र, नकाशा आणि टेबलावर ठेवलेले छोटे मॉडेल येते, म्हणजे आपण चादर दाखवण्याऐवजी चादरीचा फोटो दाखवतो. फोटोत उष्मा नसतो, वारा नसतो, स्वयंपाकघरातला धूर नसतो आणि पहिल्या पावसात स्लॅबला आलेली ओलही नसते. वास्तुकलेच्या प्रदर्शनांचा सगळा इतिहास या एका उणिवेभोवती फिरतो, असे माझे मत आहे.

आता १९३२ च्या प्रदर्शनाकडे येऊ. न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे 'मोमा', १९२९ साली सुरू झाले होते आणि त्या वेळी ते फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीतल्या बाराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या जागेत होते. फेब्रुवारी-मार्च १९३२ मध्ये सुमारे सहा आठवडे हे प्रदर्शन तिथे चालले. ते उभारणारे दोघे वयाने लहानच होते: हेन्री-रसेल हिचकॉक हा २८ वर्षांचा इतिहासकार आणि फिलिप जॉन्सन हा २५ वर्षांचा हौशी जाणकार, ज्याने वास्तुकलेचे रीतसर शिक्षण अजून घेतलेलेच नव्हते. युरोपातले वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचा व्हिला साव्हॉय हा बंगला, मीस फान डेर रोहे यांचे ब्रनोमधील टुगेंडहाट घर, ग्रोपिअस यांची डेसाऊच्या बाउहाउस या कलाशाळेची इमारत आणि ओउड यांची कामे मॉडेल आणि मोठ्या छायाचित्रांच्या रूपाने मांडली होती. अमेरिकेचे फ्रँक लॉइड राइट यांचेही काम होते, पण ते त्या मांडणीत नीट बसत नव्हते. न्यूयॉर्कमध्ये हे सारे पाहायला सुमारे ३३ हजार लोक आले. आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर एखाद्या संध्याकाळी उसळणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा आकडा काहीच वाटणार नाही. मग एवढ्या थोड्या लोकांनी पाहिलेले प्रदर्शन इतके गाजले कसे?

मला त्याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की ते एका जागी थांबले नाही. पुढची काही वर्षे ते अमेरिकेतल्या अनेक शहरांत फिरले आणि काही ठिकाणी चक्क मोठ्या दुकानांत मांडले गेले. लॉस एंजेलिसमध्ये ते बुलक्स विल्शर या भांडारात होते, म्हणजे साड्या घ्यायला गेलेल्या माणसाला वरच्या मजल्यावर वास्तुकला भेटावी तसे. दुसरे आणि अधिक खोल कारण असे की त्या दोघांनी एका गुंतागुंतीच्या, आपापसांत भांडणाऱ्या चळवळीला एक नाव दिले आणि ओळखायच्या तीन खुणा दिल्या. नाव 'इंटरनॅशनल स्टाइल'. खुणा अशा: वजनदार भिंतींच्या ठोकळ्याऐवजी पातळ आवरणाने वेढलेला अवकाश, दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याऐवजी खांब-खिडक्यांची नियमित लय, आणि वरून चिकटवलेल्या नक्षीला पूर्ण फाटा. सामान्य माणसाला तीन खुणा लक्षात ठेवता येतात. दारावर नक्षी आहे का, छपराला उतार आहे का, खिडकी आडवी आहे का, एवढे पाहून तो 'हे आधुनिक, हे जुने' असा निवाडा करू लागतो. याहून सोपी शिकवणी कोणती?

या सोपेपणाची किंमत मात्र जबर होती. युरोपात ज्या इमारतींनी ही चळवळ उभी केली, त्यांच्यामागे पहिल्या महायुद्धानंतरची घरटंचाई होती, कामगारांच्या वसाहती होत्या, क्षयरोगाची भीती होती, उजेड आणि हवा हा हक्क आहे अशी भूमिका होती. न्यूयॉर्कच्या त्याच प्रदर्शनात गृहनिर्माणाचा वेगळा विभाग होता, आणि त्यासाठी समीक्षक लुईस मम्फर्ड यांनी लिहिलेही होते. पण स्मरणात राहिला तो शैलीचा विभाग. घर कोणासाठी, किती भाड्यात आणि किती माणसांना, हे प्रश्न एका खोलीत राहिले आणि 'घर कसे दिसावे' हा प्रश्न जगभर फिरला. तुमच्या शिक्षकांनी सांगितलेला प्रभाव खरा आहे. फक्त प्रभाव कशाचा पडला, हेही सांगायला हवे.

छायाचित्राने आणखी एक गोष्ट केली, जी मला आजही अस्वस्थ करते. त्या काळची छायाचित्रे कृष्णधवल होती आणि मॉडेल्स पांढरी होती, त्यामुळे आधुनिक वास्तुकला पांढरी असते असे लोकांना वाटू लागले. प्रत्यक्षात ल कॉर्बुझिए रंग भरपूर वापरत. ब्रुनो टाउट यांचे श्टुटगार्टमधले घर तर भडक रंगांचे होते. मीस यांचा १९२९ चा बार्सिलोना मंडप हिरव्या संगमरवराचा, सोनेरी ऑनिक्स दगडाचा आणि लाल पडद्याचा होता. तो १९३० मध्येच उतरवला गेला आणि १९८६ मध्ये पुन्हा बांधून होईपर्यंत जगाने तो करड्या छटांतच पाहिला. पन्नासहून अधिक वर्षे एका न उरलेल्या इमारतीचे दोन-चार फोटो पाहून वास्तुविशारदांच्या पिढ्या घडल्या. व्हिला साव्हॉयचेही तसेच आहे. छायाचित्रात ते घर हिरवळीवर तरंगते; मालकीणबाई मात्र छत गळते म्हणून वर्षानुवर्षे पत्रे लिहीत होत्या. ती पत्रे प्रदर्शनात नव्हती. सपाट छपराची गळती काय असते हे सोलापुरातल्या कोणत्याही गवंड्याला विचारा, तो तुम्हाला वॉटरप्रूफिंगवर तासभर व्याख्यान देईल.

याच्या उलट जात होती ती पूर्ण आकाराच्या घरांची प्रदर्शने. १९२७ साली श्टुटगार्टच्या टेकडीवर जर्मन वर्कबुंड या संस्थेने वायसेनहोफ वसाहत बांधली. मीस यांच्या देखरेखीखाली १७ वास्तुविशारदांनी २१ इमारती उभारल्या आणि त्या लोकांना आतून फिरून पाहायला खुल्या केल्या. सुमारे पाच लाख लोक येऊन गेले. ते भिंतीवरच्या फोटोसमोर हात मागे बांधून उभे राहिले नाहीत. त्यांनी कपाटे उघडली, जिने चढले, 'इथे पलंग मावेल का' यावर नवरा-बायकोत वाद घातला. टीकाही कडवट झाली. पुढे नाझी काळात या वसाहतीच्या चित्रावर उंट आणि अरब पोशाखातली माणसे चिकटवून 'अरब गाव' अशी पोस्टकार्डे निघाली, कारण सपाट छप्पर हे जर्मन नव्हे, उष्ण देशातल्या परक्यांचे, असा त्यांचा आक्षेप होता.

हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण आपल्या दृष्टीने तो गमतीचा आहे. जर्मनीत जे परके आणि धक्कादायक वाटले, ते सपाट छप्पर आपल्याकडे आजोबांचे होते. सोलापूर, उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा या सगळ्या कोरड्या पट्ट्यात माळवदाची घरे पिढ्यान्‌पिढ्या होती: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर मातीचा जाड थर, खाली दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती. उन्हाळ्याच्या रात्री सगळे घर त्या माळवदावर झोपायचे. आधुनिक वास्तुकला आमच्याकडे आली तेव्हा सपाट छपराचा कोणाला धक्का बसला नाही. धक्का बसला तो पुढे, मे महिन्यात, जेव्हा सहा इंची स्लॅबखाली पारा ४३ अंशांवर गेला आणि लोकांना कळले की छप्पर दिसायला तेच असले, तरी वागायला तेच नाही. फोटोत दोन्ही सपाटच दिसतात.

१९३० चे स्टॉकहोमचे प्रदर्शनही याच जातीचे होते. गुन्नार आस्प्लुंड हे त्याचे मुख्य वास्तुविशारद. पाण्याकाठी काच आणि पोलादाचे हलके मंडप, उपाहारगृह, झेंडे, दिव्यांचा झगमगाट आणि त्यांच्याबरोबरीने राहण्याच्या घरांचे नमुने. चाळीस लाखांच्या आसपास भेटी झाल्या. स्वीडनची त्या वेळची लोकसंख्या पाहता हा आकडा थक्क करणारा आहे. त्यानंतर आधुनिक इमारतींसाठी स्वीडिश लोकांनी बोलीभाषेत एक लाडका शब्द घडवला, 'फंकिस'. लोकांची समज बदलली की नाही हे तपासायचे असेल, तर त्यांच्या बोलण्यात नवा शब्द आला का ते पाहावे, असे मला वाटते. आपल्याकडे तो शब्द 'आरसीसी' आहे. माझ्या आजीला आधुनिक वास्तुकला हा शब्द माहीत नव्हता, पण 'त्यांचं घर आरसीसीचं आहे' असे ती ज्या आदराने म्हणत असे, त्यात एका संपूर्ण युगाचे मूल्यमापन होते.

स्वयंपाकघराबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण समज खरोखर बदलली ती तिथे. मार्गारेट श्युट-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक छोटे, सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. त्यात प्रत्येक हालचालीचे मोजमाप घेतले होते: बाईला किती पावले टाकावी लागतात, हात कुठवर पोचतो, उजेड कोणत्या बाजूने येतो. प्रदर्शनांतून ते लोकांसमोर आले आणि त्या वसाहतींत सुमारे दहा हजार घरांत बसवले गेले. ज्या मोमाने १९३२ मध्ये शैलीच्या तीन खुणा जगाला दिल्या, त्याच मोमाने अशाच एका स्वयंपाकघराचे मूळ सामान विकत घेऊन २०१० साली प्रदर्शनात उभे केले. त्यासाठी अठ्ठ्याहत्तर वर्षे जावी लागली. तरी मोमावर पूर्ण अन्याय नको: १९३४ मध्ये त्यांनीच गृहनिर्माणावरच्या एका प्रदर्शनात न्यूयॉर्कच्या गलिच्छ चाळीतले एक बिऱ्हाड जसेच्या तसे उभे करून दाखवले होते, आणि १९४९ मध्ये आपल्या बागेत मार्सेल ब्रॉयर यांचे संपूर्ण घर बांधून लोकांना त्यात फिरू दिले होते.

भारतात हा विचार फार उशिरा आला असे नाही. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले. ज्या इमारतीला डॉरिक खांबांची ग्रीक रांग आहे, जी १८३३ ची आहे आणि जिथे एशियाटिक सोसायटी आहे, त्याच इमारतीत आधुनिक भारतीय घराच्या खोल्या सजवून मांडल्या गेल्या. त्या सुमारास मुंबईत मरीन ड्राइव्हच्या बाजूला आर्ट डेको या गोल वळणांच्या, आडव्या पट्ट्यांच्या शैलीचे फ्लॅट उठत होते आणि मध्यमवर्गाला 'ब्लॉक'मध्ये कसे राहायचे हे शिकायचे होते. स्वयंपाक खाली बसून करायचा की उभ्याने, न्हाणीघर आत घ्यायचे की मागच्या दारी ठेवायचे, सोवळे कुठे राहील, हे त्या पिढीचे खरे प्रश्न होते. मला हे प्रदर्शन १९३२ च्या प्रदर्शनापेक्षा आपल्या दृष्टीने कितीतरी महत्त्वाचे वाटते, आणि अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख दोन ओळींतही होत नाही, याचे दुःख आहे.

दुसरे प्रदर्शन स्वातंत्र्यानंतरचे. १९५४ च्या सुरुवातीला दिल्लीत अल्पखर्ची घरांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्याला जोडून संयुक्त राष्ट्रसंघाचे चर्चासत्र होते आणि जॅकलिन टिरविट या नगररचनाकार बाईंचा त्यात मोठा वाटा होता. तिथे पूर्ण आकाराची घरे बांधून दाखवली होती आणि त्यांच्यासोबत एक गावकेंद्रही. ज्या देशाला फाळणीनंतर लाखो माणसांना घरे द्यायची होती, त्याने आधुनिक वास्तुकलेचा अर्थ 'कमी पैशांत नीट घर' असा लावला होता, याचा तो पुरावा आहे. सोलापूरपुरते बोलायचे, तर त्या अर्थाची आपल्याकडची सर्वांत मोठी उदाहरणे शहराजवळच्या कुंभारीत आहेत: विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि अलीकडे जानेवारी २०२४ मध्ये लोकार्पण झालेली रे नगरची पंधरा हजार घरे. आमच्या क्षेत्रातल्या एकाही प्रदर्शनात मला या वसाहतींचा नकाशा भिंतीवर दिसलेला नाही. त्यांचे एलेव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, देखणे नसेल. पण हजारो कुटुंबे एखाद्या नकाशात राहायला गेली आहेत, ही गोष्ट वास्तुकलेच्या बाहेरची कशी?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे प्रदर्शन न आलेल्या शहराचे काय, त्याचे उत्तर आता देता येईल. सोलापुरात प्रदर्शन आले नाही, त्याची सावली आली. जे. जे. मधून शिकून आलेले वास्तुविशारद, मुंबईला व्यापारासाठी जाणारे कापडवाले, सिमेंटच्या जाहिराती, ओव्हरसीअरच्या कपाटातली नमुन्यांची पुस्तके, अशा वाटांनी ती चित्रे आपल्यापर्यंत पोचली. वाटेत अर्थ गळत गेला आणि आकार उरला. रेल्वे लाइन्स या भागाकडून जुन्या पेठांकडे चालत निघालात, तर १९४० ते १९६० च्या दशकांतली बरीच घरे अजून दिसतील: गोल वळणाची बाल्कनी, तिच्यावर तीन आडव्या पट्ट्या, गच्चीच्या कठड्यावर सिमेंटमध्ये उठवलेला ओंकार आणि खाली बांधकामाचे साल. तिथून इंद्रभुवनाकडे पाहिले, तर त्या नक्षीदार वाड्याच्या तुलनेत ही घरे अगदी साधी वाटतात. पण आत शिरलात, की चौक, पडवी, देवघर आणि मागचे न्हाणीघर सगळे जुन्या जागी आहे. दर्शनी भिंत तेवढी आधुनिक झाली. एका अर्थी १९३२ च्या शिकवणीचा हा शब्दशः अवलंब आहे.

त्या घरांची मी थट्टा करतो आहे असे कोणी समजू नये. आतले जुने तसेच ठेवण्यात त्या गवंड्यांचे आणि त्या घरातल्या बायकांचे शहाणपण होते, असे मला जितके वय वाढते तितके जास्त पटते. पुढे आम्हीच, म्हणजे शिकलेल्या लोकांनी, चौक बुजवला.

संग्रहालयांनीही पुढे स्वतःची चूक काही अंशी सुधारली. १९४३ साली मोमाने ब्राझीलच्या वास्तुकलेवर प्रदर्शन भरवले आणि उन्हाला अडवणाऱ्या सिमेंटच्या पट्ट्या, जाळ्या, खोल सज्जे हेही आधुनिक असू शकतात, हे थंड देशातल्या लोकांना दाखवले. सोलापूरच्या पश्चिमेच्या उन्हात काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, पण पुस्तकात छापून आल्याशिवाय आपल्या क्लायंटला ते पटत नाही, हाही अनुभव आहे. १९६४ मध्ये बर्नार्ड रुडॉफ्स्की यांनी त्याच संग्रहालयात वास्तुविशारदांशिवायच्या वास्तुकलेचे प्रदर्शन मांडले. अनाम गवंड्यांनी बांधलेली गावे, जमिनीखालची घरे, धान्याची कोठारे, आणि सिंधमधल्या हैदराबादची ती प्रसिद्ध वारा ओढून घेणारी छपरे त्यात होती. ते दहा वर्षांहून अधिक काळ जगभर फिरले. गावचे घर हीसुद्धा विचारपूर्वक केलेली वास्तुकला आहे, हे शिकलेल्या जगाने तेव्हा मान्य केले. त्यातही फोटोची खोड सुटली नाहीच. घरे सुंदर दिसली, त्यांतली माणसे, त्यांची गरिबी आणि पाण्याची वणवण चौकटीबाहेर राहिली.

त्यानंतरच्या पाश्चात्त्य प्रदर्शनांवर मी फार वेळ घालवणार नाही. १९८० मध्ये व्हेनिसच्या जुन्या दोरखान्यात इटालियन वास्तुविशारद पाओलो पोर्तोगेसी यांनी वीस दर्शनी भिंतींचा एक रस्ताच उभा केला. १९८८ मध्ये मोमाने 'डिकन्स्ट्रक्टिव्हिस्ट', म्हणजे मोडल्या-तिरकावल्यासारख्या आकारांच्या इमारती करणारे, म्हणून सात नावे पुढे आणली, त्यांत झाहा हदिद आणि फ्रँक गेहरी होते. शैलीला नाव द्यायचे आणि नावाने ती विकायची, ही १९३२ चीच रीत होती आणि जॉन्सन तेव्हाही त्यात होतेच.

आपल्याकडे १९८६ च्या सुमारास वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखाली 'विस्तारा' हे भारतीय वास्तुकलेचे प्रदर्शन झाले. आधुनिक म्हणजे पाश्चात्त्य हे समीकरण मोडून, मंडलापासून आजच्या शहरापर्यंत एक सलग धागा दाखवण्याचा तो प्रयत्न होता आणि माझ्या पिढीवर त्याचा खोल ठसा आहे. नंतरच्या काळात माझ्या टेबलासमोर क्लायंटबरोबर वास्तुशास्त्राचे सल्लागारही येऊन बसू लागले. त्याचा दोष त्या प्रदर्शनाला देता येणार नाही, पण 'वास्तुपुरुष' हा शब्द आमच्या तोंडून आणि त्यांच्या तोंडून किती वेगळ्या कामासाठी निघतो, हे पाहून हसू येते.

२०१६ च्या जानेवारी ते मार्चमध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'द स्टेट ऑफ आर्किटेक्चर' हे प्रदर्शन भरले. राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी ते मांडले होते. मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून गेलो आणि दोन दिवस वही घेऊन फिरलो. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय वास्तुकलेचा इतका मोठा पट मी एका छताखाली कधी पाहिला नव्हता, आणि त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण दोन दिवसांत तिथे मला बहुतेक वास्तुविशारद आणि विद्यार्थीच दिसले. समोरचे मोठे वस्तुसंग्रहालय पाहून आलेले एक कुटुंब चुकून आत शिरले. त्यांतल्या आजोबांनी भिंतीवरचे नकाशे बराच वेळ निरखले आणि सुरक्षारक्षकाला विचारले, "यातलं विकायला कोणतं आहे?" रक्षक हसला. मला मात्र वाटले, की घराचा नकाशा भिंतीवर दिसला की तो विक्रीसाठी असतो, ही त्या आजोबांची समज आयुष्यभराच्या अनुभवातून आलेली आहे.

कारण आपल्या शहरात आधुनिक घराचे खरे प्रदर्शन एकच असते: बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट. रविवारी दुपारी जुळे सोलापूर किंवा होटगी रोडवरच्या एखाद्या साइटवर जाऊन पाहा. पायताण बाहेर काढून लोक आत जातात, पाण्याचा नळ सोडून बघतात, टाइल्सवर हात फिरवतात. पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, आतली दारे काढून ठेवलेली असतात, आरसा मोठा असतो आणि एसी चालू असतो, त्यामुळे खोली मोठी आणि गार वाटते. श्टुटगार्टची पद्धत आणि न्यूयॉर्कची लबाडी यांचा हा मिलाफ आहे. त्याची परीक्षा कोणत्याही समीक्षकाने घेतलेली माझ्या वाचनात नाही, तरी लोकांची समज घडवण्यात त्याचा वाटा कोणत्याही संग्रहालयापेक्षा मोठा आहे.

संग्रहालयाच्या मर्यादेचे सर्वांत बोचरे उदाहरण दिल्लीचे आहे. वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ च्या व्यापार जत्रेसाठी प्रगती मैदानावर 'हॉल ऑफ नेशन्स' बांधला. परदेशात जी रचना पोलादी नळ्यांनी करतात, ती त्यांनी काँक्रीटमध्ये, मजुरांच्या हातांनी केली, कारण पोलाद महाग होते आणि हात होते. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत तो पाडला गेला. पुढे २०२२ मध्ये मोमाने १९४७ ते १९८५ या काळातल्या दक्षिण आशियाच्या वास्तुकलेवर मोठे प्रदर्शन भरवले आणि त्यात हा हॉल सन्मानाने दाखवला गेला. तो स्वतः एक प्रदर्शनगृह होता. ज्यात लाखो सामान्य माणसे ट्रॅक्टर, शिलाई मशिने आणि पुस्तके पाहायला गेली, ती इमारतच पाहण्यासारखी आहे, हे मात्र त्यांना कोणी वेळेवर सांगितले नाही.

शेवटी एक आमचा छोटा प्रयोग सांगतो, कारण तुमच्या प्रबंधाला त्याचा उपयोग होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी जुन्या पेठेतल्या एका माळवदाच्या घराची मोजमापे घेऊन एका सभागृहात त्याचे प्रदर्शन मांडले. पहिल्या दिवशी सुरेख शाईतली रेखाचित्रे टांगली. लोक दोन मिनिटांत पाहून चहाकडे वळले. दुसऱ्या दिवशी आम्ही फरशीवर खडूने त्या घराचा नकाशा खऱ्या मापात आखला. लगेच लोक त्यात चालू लागले. "हे देवघर ना?" "मग चूल इथं." मुले चौकात बसली. एक वृद्ध बाई न्हाणीघराच्या रेषेवर उभी राहून आम्हाला म्हणाली, "बाकी सगळं बरोबर हाय. पण पाणी चार-पाच दिसाला येतंय, पिंप कुठं ठेवायचं ते दाखवलं नाही तुम्ही." आमच्या रेखाचित्रात खरोखरच पिंप नव्हते. घर मोजताना ती पिंपे आम्ही सामान समजून बाजूला सरकवली होती.

तुमच्या प्रबंधासाठी मी दोन ठिकाणांपासून सुरुवात सुचवेन. १९३४ पासून निघणारे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे जर्नल मुंबईच्या ग्रंथालयांत पाहा. १९३७-३८ च्या अंकांतल्या लेखांइतक्याच बारकाईने जाहिराती वाचा, कारण मुंबईबाहेरच्या वाचकापर्यंत प्रदर्शन पोचले ते जाहिरातींतून. दुसरे, रेल्वे लाइन्स परिसरातली दहा घरे निवडा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला एकच विचारा, की बांधताना 'असं घर पाहिजे' म्हणून कोणाचे घर दाखवले होते. घराला घर जोडत मागे जात राहा. २०१६ ची माझी टिपणवही आणि त्या खडूच्या नकाशाचे फोटो माझ्या कार्यालयात आहेत. मोजपट्टी घेऊन या, म्हणजे पिंपासह तो नकाशा पुन्हा काढता येईल.